दोन केसपेपर

बाळ जन्मलं रात्री दीडच्या सुमारास. मी त्याला पाहिलं तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला. मधले 53 तास मी दुसऱ्या मजल्यावर होते आणि तो पाचव्या. पुढे घरी आल्यावर, रात्री पाजताना डुलकी लागू नये म्हणून, मी या 53 तासांचा हिशेब मांडत बसायचे. कुठला तास कशात गेला, कोण काय म्हणालं, सलाईन कधी बदललं. सुरुवातीला तो नुसता चाळा होता. मग एक दिवस बेरीज जुळली आणि राग आला.

हिशेब असा लागला. 33व्या आठवड्यात वार सुटायला लागली, रक्त जाऊ लागलं, धावतपळत सिझेरियन ठरलं. पाठीत इंजेक्शन द्यायलाही उसंत नव्हती, पूर्ण भूल दिली. त्यामुळे बाळाचं पहिलं रडणं मी ऐकलेलं नाही. नंतर गर्भाशय आकसेना, रक्त थांबेना. रक्ताच्या पिशव्या चढल्या, पहिले 20 तास अतिदक्षता विभागात गेले. त्या 20 तासांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तेव्हा मला हलवणं जिवावर बेतलं असतं, आणि ज्यांनी मला तिथून परत आणलं त्यांचं ऋण मी विसरणार नाही.

प्रश्न उरलेल्या 33 तासांचा आहे. रात्री साडेनऊला मला प्रसूतीच्या वॉर्डात आणलं. रक्तदाब ठीक, नाडी ठीक, रक्तस्राव आटोक्यात. मी विचारलं, बाळ कधी दिसेल? सिस्टर म्हणाल्या, उद्या. उद्या सकाळी व्हीलचेअर नव्हती. मग व्हीलचेअर आली तर वरून निरोप आला की राउंड चालू आहे, नंतर या. राउंड संपला तोवर वरच्या मजल्यावरची भेटीची वेळ संपली. संध्याकाळच्या भेटीच्या वेळी माझ्या वॉर्डातल्या डॉक्टरांची सही हवी होती आणि त्या ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. वॉर्डातल्या सिस्टर म्हणत होत्या, वरून बोलावणं आलं पाहिजे. वरच्या सिस्टर म्हणत होत्या, खालून पाठवलं पाहिजे. कोणी वाईट वागलं नाही, उलट सगळे जिव्हाळ्याने बोलत होते. फक्त मला वर नेणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

म्हणजे 53 तासांपैकी 20 तास आजाराचे आणि 33 तास व्यवस्थेचे. तरीही सगळे तास एकाच वाक्याखाली झाकले गेले: ‘आईची तब्येत ठीक नसल्यामुळे भेट होऊ शकली नाही.’

मला म्हणायचंय ते एवढंच. शस्त्रक्रियेतून उठणारी आई आणि नवजात अतिदक्षता विभागातलं बाळ यांना वेगळं ठेवणं हा एक वैद्यकीय निर्णय आहे, निदान असला पाहिजे. औषधाला जसं कारण लागतं, मात्रा लागते, कुणाची तरी सही लागते, तसं ताटातुटीलाही लागलं पाहिजे. केसपेपरवर रक्तदाब दर काही तासांनी लिहितात. त्याच कागदावर ‘आई बाळापासून किती तास दूर, आणि का’ असा एक रकाना असावा. त्या रकान्यात ‘व्हीलचेअर नाही’ असं लिहायची पाळी कुणावर आली, तर दुसऱ्या दिवशी व्हीलचेअर येईल. आज ते कारण कुठेच लिहिलं जात नाही आणि म्हणून कुणालाच खुपत नाही.

हे माझ्या एकटीचं रडगाणं असतं तर मी लिहिलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 मधल्या अंदाजानुसार जगात पाचातल्या एकाहून अधिक बाळांचा जन्म सिझेरियनने होतो, म्हणजे 21 टक्के, आणि 2030 पर्यंत हे प्रमाण 29 टक्क्यांवर जाईल असं त्यांचं गणित आहे. 2020 मध्ये सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली. या दोन आकड्यांची जिथे गाठ पडते तिथे माझ्यासारख्या बायका आहेत: पोटाला टाके, हाताला सलाईन आणि बाळ दुसरीकडेच कुठेतरी. दोघांवर उपचार करणारे विभाग वेगळे, राउंड वेगळे, डॉक्टर वेगळे, केसपेपर वेगळे. नाळ कापली की रुग्णालयाच्या लेखी दोन स्वतंत्र पेशंट तयार होतात, ज्यांचा एकमेकांशी संबंध मनगटावरच्या पट्टीपुरता. मुलाच्या पट्टीवर माझं नाव होतं, ‘बेबी ऑफ’ असं लिहून. त्याला अजून स्वतःचं नाव नव्हतं. माझ्या नावाने तो तिथे राहत होता आणि मी मात्र तिथे भेटायला येणाऱ्यांमध्ये मोडत होते.

ही व्यवस्था कुठून आली ते पाहिलं तर गंमत वाटते, कडू गंमत. कमी दिवसांच्या बाळांसाठी उबदार पेट्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या रुग्णालयांत वापरात आल्या. तिथल्या पिएर ब्युदँ या डॉक्टरांना तेव्हाच एक काळजी लागली होती: बाळ जगतं, पण दूर ठेवलेली आई त्याच्यापासून तुटते. म्हणून आयांनी यावं, स्वतःचं दूध द्यावं असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्यानंतर मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी या पेट्या जत्रांत आणि प्रदर्शनांत मांडल्या. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1903 पासून 1943 पर्यंत लोक तिकीट काढून पेटीतली बाळं बघायला जायचे. त्या तिकिटाच्या पैशांवर असंख्य बाळं जगली हेही खरं, कारण रुग्णालयं त्यांना हातच लावत नव्हती. पुढे रुग्णालयांनी हे काम अंगावर घेतलं तेव्हा जंतुसंसर्गाच्या धास्तीने दारं लावली, आणि आयांच्या वाट्याला आली एक काच. जत्रेतल्या प्रेक्षकाला दिसायचं तेवढंच, तेही ठरलेल्या वेळी.

ती धास्ती तेव्हा निराधार नव्हती. जंतुनाशकं तुटपुंजी होती, साथी विभागच्या विभाग रिकामे करत. पण त्या धास्तीची परीक्षा घ्यायला फार उशीर झाला. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी आयांना आत येऊ दिलं, बाळाला हात लावू दिला, आणि 1970 मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले: संसर्ग वाढला नाही. या गोष्टीला अर्धशतक उलटून गेलं. नियमाचं मूळ कारण गेलं तरी नियम उरतो, आणि उरलेल्या नियमाला पुढची पिढी शास्त्र समजते.

खरी उलथापालथ मात्र श्रीमंत रुग्णालयात झाली नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1970च्या दशकाच्या अखेरीस एका प्रसूतिगृहात पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी अवस्था होती. एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत, संसर्ग पसरे. एडगर रे आणि हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी बाळांना आईच्या छातीशी, उघड्या अंगाला उघडं अंग लावून, बांधून ठेवायला सुरुवात केली. त्यालाच पुढे कांगारू पद्धत हे नाव पडलं. अनेक वर्षं तिच्याकडे गरिबाघरची तडजोड म्हणूनच पाहिलं गेलं: यंत्र नाही म्हणून आई. आणि तेही बाळ स्थिर झाल्यावर, म्हणजे पहिले काही दिवस सोडून. पहिल्या दिवसांत बाळ पेटीत, आई खाटेवर, हे गृहीत धरलेलंच होतं.

त्या गृहीतकाचा पाया 2021 मध्ये हादरला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने एक मोठी चाचणी झाली. 1 किलो ते 1,799 ग्रॅम वजनाची 3,211 बाळं. अर्ध्या बाळांना नेहमीसारखं आधी स्थिर होऊ दिलं, मग आईच्या छातीशी दिलं. उरलेल्या अर्ध्यांना जन्मानंतर लगेच, अजून श्वासाची काळजी असतानाच, छातीशी ठेवलं. पहिल्या गटातली 15.7 टक्के बाळं 28 दिवसांच्या आत दगावली. दुसऱ्या गटातली 12 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली, कारण उरलेल्या बाळांना आईपासून दूर ठेवणं आता अनैतिक ठरलं असतं. आणि ज्या संसर्गाच्या भीतीने दारं लावली होती, तो संशयित संसर्गही आईजवळच्या बाळांत कमी आढळला. पुढच्याच वर्षी, 2022 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठीची आपली शिफारस त्याप्रमाणे बदलली: जन्मानंतर लवकरात लवकर आईजवळ.

माझा मुलगा 1,650 ग्रॅमचा होता. म्हणजे याच वजनगटातला. तो जगला, धडधाकट आहे, तेव्हा माझ्या बाबतीत काही अघटित झालं असा माझा दावा नाही. पण आकडेवारी वाचताना पोटात गोळा आला हे खरं.

या चाचणीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मृत्यूच्या आकड्यात नाही, ती खाटांच्या मांडणीत आहे. बाळाला लगेच आईजवळ द्यायचं तर आई तिथे हवी. आई तिथे हवी तर तिची खाट तिथे हवी. ती शस्त्रक्रियेतून उठलेली असेल तर तिची सलाईन, तिची औषधं, तिच्या टाक्यांचं ड्रेसिंग, तिला तपासणारे स्त्रीरोगतज्ज्ञ, सगळं तिथे यायला हवं. म्हणून त्या रुग्णालयांत नवजात विभागातच आयांच्या खाटा मांडल्या गेल्या. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात अशी जागा उभी राहिली, जिथे बाळाची परिचारिका आईचाही रक्तदाब बघते. ते काही ऐषोआरामी रुग्णालय नाही. गर्दीचं सरकारी रुग्णालय आहे. तेव्हा ‘आमच्याकडे हे शक्य नाही’ असं म्हणणाऱ्या चकचकीत रुग्णालयांना आता दुसरं कारण शोधावं लागेल.

यावर नवजात विभागातली माणसं काय म्हणतात ते मी ऐकलं आहे, आणि त्यातलं काही मला पटतंही. जागा नाही, हे खरं आहे. एका बाळाभोवती यंत्रं, नळ्या, ऑक्सिजन. त्यात खाट कुठे घालायची? परिचारिका आधीच कमी. तिने बाळाचं बघायचं की भोवळ येऊन पडणाऱ्या आईचं? तातडीच्या वेळी आई समोर असली की हात थरथरतात, असंही एका सिस्टरांनी मला मोकळेपणाने सांगितलं. जागेचा आणि माणसांचा प्रश्न पैशाचा आहे आणि तो एका लेखाने सुटत नाही. पण पैशाच्या बाजूनेही एक आकडा आहे. स्टॉकहोममधल्या दोन नवजात विभागांत आईवडिलांना बाळाजवळ चोवीस तास राहता येईल अशा खोल्या केल्या आणि 366 बाळांवर तुलना केली. 2010 मध्ये निष्कर्ष छापून आले: अशा खोल्यांतली बाळं सरासरी 5.3 दिवस आधी घरी गेली. नवजात विभागातल्या एका खाटेचे पाच दिवस म्हणजे काय, हे हिशेबनीसाला समजावून सांगायची गरज नाही.

काही ताटातुटी टळणार नाहीत. आई बेशुद्ध आहे, बाळाला दुसऱ्या गावच्या रुग्णालयात न्यावं लागलं, बाळाची शस्त्रक्रिया आहे. माझे पहिले 20 तास त्यातलेच. तिथेही दुरावा म्हणजे अंधार असायची गरज नाही. वडील किंवा आजी छातीशी धरू शकतात. बाळाच्या डॉक्टरांनी आईच्या खाटेपाशी पाच मिनिटं येऊन बोलणं, हे तर कुठल्याही रुग्णालयाला जमण्यासारखं आहे. मला बाळाची खबर मिळायची ती नवऱ्याकडून, त्याला मिळायची ती दारातल्या सिस्टरांकडून, आणि प्रत्येक हाताबरोबर ती थोडी गोड होत जायची. ‘छान आहे’ या शब्दाची मला तेव्हा भीती बसली. श्वासाला मशीन लागलंय का, किती ऑक्सिजन, दूध सुरू केलं का, हे मला हवं होतं. छान कोण आहे ते मी ठरवलं असतं.

आणि दूध. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण दोन केसपेपरांमधल्या फटीत नेमकं काय पडतं ते दुधाच्या गोष्टीत स्वच्छ दिसतं.

बाळ अंगावर नसेल तर दूध पहिल्या काही तासांतच काढायला सुरुवात करायची असते, आणि मग चोवीस तासांत आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा. सिझेरियननंतर आणि फार रक्त गेलं असेल तर दूध उतरायला मुळातच उशीर होऊ शकतो, म्हणून तर घाई अधिक. सुरुवातीला येतो तो चीक, काही थेंब, पण कमी दिवसांच्या बाळासाठी ते थेंब औषधासारखे. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला पहिल्यांदा कुणी दूध काढायला सांगितलं ते प्रसूतीनंतर 30 तासांनी, तेही सहज. वॉर्डातल्या सिस्टर माझे टाके, माझी लघवीची पिशवी, माझा रक्तदाब बघत होत्या. तो त्यांचा केसपेपर. वरच्या सिस्टर बाळाचं वजन, साखर, श्वास बघत होत्या, तो त्यांचा. दूध माझ्या अंगात तयार होणार आणि बाळाच्या पोटात जाणार. ते दोन्ही कागदांवर बसत नव्हतं, म्हणून कुठल्याच कागदावर नव्हतं.

शेवटी एका मावशींनी पडदा ओढला, कोपराखाली उशी दिली आणि हाताने कसं काढायचं ते दाखवलं. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर सिरिंजमध्ये पिवळसर, चिकट असं अर्धा मिलिलिटर जमलं. मला रडू आलं, एवढंसं म्हणून. मावशी म्हणाल्या, ‘अगं, त्याचं पोट केवढं ते!’ नवऱ्याने सिरिंज मुठीत धरली आणि लिफ्टची वाट न बघता तीन जिने चढून गेला. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला, गालात सोडलं म्हणून. त्या 53 तासांत मी आई असल्याचा एवढा एकच पुरावा होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे, रात्रपाळीच्या एका सिस्टरांनी ड्युटी संपायच्या आधी स्वतःच मला व्हीलचेअरमध्ये बसवलं आणि वर नेलं. भेटीची वेळ नव्हती, सही नव्हती. त्यांनी नियम मोडला. माझ्या सगळ्या हिशेबात हा मुद्दा टोचत राहतो की मी मुलाला भेटले ती व्यवस्थेमुळे नाही, व्यवस्था मोडली म्हणून.

आत गेल्यावर कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला, व्हीलचेअर पेटीपाशी नेली. आणि मला काहीच दिसेना. पेटी उभ्या माणसाच्या उंचीची. व्हीलचेअरमधून दिसत होती तिची खालची कड, चाकं आणि वायरींची गुंतवळ. त्या विभागात रोज सिझेरियन झालेल्या आया येत असणार; तरी बसल्या बसल्या बाळ दिसावं अशी सोय कुणाच्या मनात आली नव्हती, कारण तिथे येणारा माणूस उभा राहू शकतो हे धरूनच सगळं मांडलेलं होतं. मी उशी टाक्यांवर दाबून धरली, सिस्टरांनी काखेत हात घातला, आणि उभी राहिले. पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या सेन्सरचा लाल दिवा आधी दिसला. मग अंगठा. मग तो.

मनात काय आलं? खरं सांगायचं तर काही नाही. प्रेमाचा उमाळा वगैरे नाही. ‘हाच का?’ एवढंच आलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

त्या लाजेचं मूळ मला पुढे सापडलं, आणि त्याबद्दल माझं भांडण आईबाळाच्या सहवासाचा आग्रह धरणाऱ्यांशीही आहे. 1972 मध्ये मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या अमेरिकी डॉक्टरांनी 28 आयांवर केलेला अभ्यास फार गाजला. 14 जणींना पहिल्या तीन दिवसांत बाळाचा 16 तास जास्त सहवास दिला, आणि महिन्याभरानंतर त्यांचं बाळाशी वागणं अधिक जवळिकीचं आढळलं. यातून एक कल्पना पसरली: जन्मानंतरचे पहिले तास म्हणजे जणू सिमेंट ओलं असण्याची वेळ, ती चुकली की नातं कच्चं राहिलं. इतक्या छोट्या अभ्यासावर एवढा डोलारा उभा राहत नाही, अशी टीका झाली आणि पुढे त्या दोघांनीही आपला सूर बराच खाली आणला. मात्र त्या अभ्यासामुळे अनेक रुग्णालयांची दारं उघडली, हे त्याचं श्रेय. पण ती कल्पना आयांच्या मनात रुतली ती रुतलीच. ज्यांची वेळ ‘चुकली’, त्या सगळ्या जणी बाळाकडे बघताना स्वतःची परीक्षा घेत बसतात.

म्हणून एकत्र ठेवण्याचा आग्रह धरताना ‘नाहीतर नातं जुळत नाही’ हे कारण कृपा करून वापरू नये. ते खरं नाही आणि क्रूर आहे. नातं जुळतं. दत्तक घेतलेल्या मुलाशी जुळतं, महिन्याने भेटलेल्या बाळाशी जुळतं. माझं जुळलं, साधारण पाचव्या आठवड्यात, एका दुपारी, त्याला शिंक आली तेव्हा. एकत्र ठेवायचं ते बाळ अधिक जगतं म्हणून, दूध टिकतं म्हणून, आणि आईला तिचं मूल बघण्याचा अधिकार आहे म्हणून. शेवटच्या कारणाला संशोधनाचा पुरावा मागू नये. वॉर्डातल्या दुसऱ्या कुठल्या पेशंटला आपण म्हणतो, तुमचं मूल वर आहे, पण ते बघायची वेळ अकरा ते बारा?

दारं उघडली की काम झालं, असंही नाही. भेटीची वेळ उठवून आईला दिवसभर आत बसू देणारे विभाग आहेत, तिथे ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसते. चार दिवसांपूर्वी पोट उघडलेली बाई, सकाळी आठ ते रात्री आठ, स्टुलावर. तिच्या गोळ्यांची वेळ टळते, कारण गोळ्या खालच्या मजल्यावर. पाय सुजतात. ताप आला तर बाळाच्या डॉक्टरांना ते कळत नाही, ती सांगत नाही, कारण सांगितलं तर बाहेर काढतील. माझ्या शेजारच्या पेटीजवळची एक जण अशीच कण्हत बसायची. मी विचारलं तर म्हणाली, टाक्यातून पाणी येतंय, पण कुणाला सांगू नका. बाळंतपणानंतरचे पहिले दिवस आईच्या जिवाला धोक्याचे असतात: रक्तस्राव, संसर्ग, रक्ताची गाठ, वाढलेला रक्तदाब. नेमक्या त्याच दिवसांत ती अशा ठिकाणी बसलेली असते जिथे प्रत्येक जण डॉक्टर-नर्स आहे आणि कुणीही तिचा डॉक्टर-नर्स नाही. आईला आत घ्यायचं तर पेशंट म्हणून आत घ्या, तिच्या केसपेपरसकट. सोबतीण म्हणून नको.

अवघड सिझेरियनचं आणखी एक येणं असतं जे कुणी चुकतं करत नाही, ते म्हणजे काय झालं ते सांगणं. मी झोपले तेव्हा पोटात बाळ होतं, जागी झाले तेव्हा नव्हतं. मधलं पान फाटलेलं. तातडीच्या सिझेरियननंतर काही बायकांना महिनोन्महिने तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहतात, झोप उडते, रुग्णालयाच्या वासानेही धडधडतं. हा मनाच्या आघाताचा ओळखीचा प्रकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पण आधी तो विचारावा लागतो. माझ्याभोवतीचं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत होतं, दोघं सुखरूप आहात ना, मग झालं. त्यांचं चूक नव्हतं, तेही घाबरले होते. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांपैकी कुणी दहा मिनिटं खुर्ची ओढून बसलं असतं, कधी काय झालं, का केलं, बाळ कुणाच्या हातात गेलं हे क्रमाने सांगितलं असतं, तर ते फाटलेलं पान मला स्वप्नात जुळवत बसावं लागलं नसतं. बाळ रडलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. त्याच्या कागदांवर त्याचं उत्तर असेलही, आकड्यांच्या भाषेत.

मला सहाव्या दिवशी घरी सोडलं, त्याला एकविसाव्या. मधले पंधरा दिवस मी रोज जात-येत होते, गाडीत प्रत्येक खड्ड्याला पोट धरून. माझ्या डिस्चार्ज कार्डावर बाळाबद्दल लिहिलं होतं, ‘नवजात विभागात भरती’. त्याच्या कार्डावर माझ्याबद्दल, ‘आई स्थिर’. दोन्ही कार्डांवर सहा आठवड्यांनी दाखवायला या असं होतं, पण त्याचे सहा आठवडे त्याच्या डिस्चार्जपासून मोजायचे आणि माझे प्रसूतीपासून. माझी तारीख आधी आली. त्या दिवशी सकाळी त्याला ताप होता, त्याला घेऊन बालरोग विभागाच्या रांगेत बसले, आणि नंबर लागला तेव्हा खालची ओपीडी बंद झाली होती. पुन्हा येते म्हणाले. मुलगा आता दोन वर्षांचा आहे. ती तपासणी राहिली ती राहिलीच.